दोन मिनिटांची धुगधुग

मित्रांनो, मी एक जुनं इंजिन आहे. जळगावच्या पिंप्राळ्यात, हितेंद्रच्या घरामागे पत्र्याच्या छपराखाली मला दोन विटांवर टेकवून ठेवलं आहे. माझ्या कुशीला गोगलगायीसारखं एक लोखंडी यंत्र अजून चिकटलेलं आहे. त्याच्या पोटात वारा शिरला की बारीक शीळ वाजते. ती ऐकली की हितेंद्रचे वडील, तोताराम आबा, हातातला चहाचा कप तसाच धरून मागे वळून पाहतात. माझ्यात जीव उरलेला नाही. तरी त्या क्षणी मलाही वाटतं, मी पुन्हा सुरू होतोय की काय.

घाबरू नका. पहिल्यापासून सांगतो.

मी एका साध्या जीपचं डिझेल इंजिन. आवाज घोगरा, चाल बैलाची. आबांनी मला अमळनेरकडच्या त्यांच्या गावच्या भजनी मंडळाच्या सेवेला लावलं. मृदंग, टाळांची पेटी आणि दाटीवाटीने बसलेली अकरा माणसं. बावीस वर्षं मी मंडपाबाहेर उभा राहून कीर्तनं ऐकली. अशी चाकरी किती यंत्रांच्या नशिबी येते, सांगा बरं.

आबांची एक रीत होती. मंडपातला मृदंग कानावर पडला की ते तत्काळ चावी फिरवून मला बंद करत आणि जीप घरंगळत नेऊन लावत. कीर्तनात विघ्न नको, एवढाच भाव.

एका वर्षी पिंपळनेरच्या पुढे, डोंगरातल्या एका गावी सप्ताह होता. सप्ताहात सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. ज्याचा पहारा असेल त्याने उभं राहायचं, पुढचा येईपर्यंत हलायचं नाही. त्या दुपारी झुलाल नानांनंतर आबांचा पहारा होता. नानांचं वय अठ्ठ्याहत्तर. मी चढावर धापा टाकत राहिलो आणि आम्ही दीड तास उशिरा पोहोचलो. नाना उभेच होते. पाय सुजून खांबासारखे झालेले.

“ये तोताराम,” नाना हळूच म्हणाले. “जीप तुले वढी राहिनी का तू जीपले?”

लोक हसले. आबांनी खाली वाकून त्या सुजलेल्या पायांवर डोकं ठेवलं आणि वीणा आपल्या गळ्यात घेतली.

हितेंद्रला ते बघवेना. त्याने मला धुळ्याला जीवराम मिस्त्रीकडे नेलं. जीवरामकडे भंगारातल्या ट्रकचा मोठा टर्बो होता. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरणारा पंखा. तो जास्तीची हवा छातीत कोंबतो, म्हणजे जास्त डिझेल जळतं आणि जोर वाढतो. जीवराम म्हणत होता, लहानसा शोधू. हितेंद्र म्हणाला, बसवायचा तर मोठाच.

“बसवतो,” जीवराम म्हणाला. “पण लहान छातीत पैलवानाचा श्वास भरतोयस. एक लक्षात ठेव. चढ चढून आला की दोन मिनिटं तसाच धुगधुगू दे. लगेच बंद केलास, तर त्या तापलेल्या पंख्याचं तेल तिथंच जळेल.”

हितेंद्रने निरोप वडिलांना सांगितला. आबांना तो पटला नाही.

“देवना दारशी भुर्र भुर्र करत उभा राहू? बठ्ठा मान्सं मान वळाईसन दखतीन.”

पहिल्या चढावर क्षणभर काहीच झालं नाही. मग शीळ वाजली आणि मागून कुणी ढकलावं तसा मी सुटलो. मंडळ टाळ्या पिटू लागलं. मला गर्व झाला, खोटं कशाला सांगू. पण आतून मी भाजत होतो. दोनदा माझ्या माथ्याच्या सांध्यातलं गॅस्केट फुटलं, पाणी उकळून बाहेर आलं. आणि प्रत्येक मंडपापाशी, आबांनी मला बंद केल्यावर, तो पंखा माझ्या कुशीत तेलावाचून एकटाच फिरत राही. त्याची शीळ खाली खाली उतरत जाई. दर खेपेला ती थोडी अधिक खरखरीत होई. मृदंगात ती कुणालाच ऐकू येत नसे. मला येई.

पुढे धूर निळा झाला. हितेंद्रची बायको मयुरी म्हणाली, ही जीप डिझेल पिते की तेल? हितेंद्रने हसून आणखी तेल ओतलं.

वर्षाने त्याच गावी सप्ताह आला. दुपारची वेळ, झुलाल नानांच्या गळ्यात वीणा. आम्ही शेवटचा चढ झपाट्याने चढलो. मृदंग ऐकू आला. आबांनी चावी फिरवली.

मी थांबलो नाही.

आबांनी चावी काढून हातात घेतली. मी आणखी जोरात ओरडू लागलो. पंख्याची आतली बाजू फाटली होती आणि माझंच तेल माझ्या तोंडात येत होतं. डिझेल बंद, तरी मी स्वतःला जाळत सुटलो होतो. जीप नानांपासून दहा पावलांवर उभी. मंडप रिकामा झाला. लोक नानांना ओढू लागले.

“वीणा कोन लेस?” नाना म्हणाले, आणि उभेच राहिले.

आबांनी पूजेचा पाट उचलला, बॉनेट उघडलं, हवेची नळी उपसली आणि पाट माझ्या तोंडावर दाबून धरला. उजवा हात लाल झालेल्या लोखंडाला टेकला होता. त्यांनी पाट सोडला नाही. माझा श्वास कोंडला, आतलं सगळं आवळलं आणि मी कायमचा थांबलो. जीवराम नंतर म्हणाला, थोडा वेळ गेला असता तर तुकडे मंडपात उडाले असते.

नाना वाचले. आबांची बोटं मात्र आखडली ती आखडलीच. आता पहाऱ्याला वीणा आबांच्या गळ्यात असते आणि शेजारी उभा राहून तार हितेंद्र छेडतो. मयुरी सांगते, हितेंद्रचं बोट अजून तालात पडत नाही.

मित्रांनो, कीर्तन रंगात आलं की कुणी तिथंच टाळ खाली ठेवत नाही. आरती होते, प्रसाद होतो, मग माणसं उठतात. धावून आलेल्या जिवालाही तेवढा अवसर द्या. आणि कुणाच्या छातीत त्याला पेलणार नाही एवढा श्वास भरू नका.

जीपमध्ये आता दुसरं इंजिन आहे. त्याला टर्बो नाही. त्याला थांबायची गरज नाही, असं जीवरामने सांगितलंही. तरी रोज संध्याकाळी जीप अंगणात येते आणि दोन मिनिटं धुगधुगत राहते. मयुरी म्हणते, आबा, बंद करा ना.

आबा छपराकडे बघतात. माझ्याकडे.

“राहू दे,” ते म्हणतात. “देव थांबस.”