फोनमधलं ‘आमचं हे’

“स्वरूपाचा फोन आलाय. तुझ्या लेकीचा. हिरव्या बटनावर बोट ठिव अन् बोल.”

एवढं बोलून जोतीरामतात्यांनी मोबाईलवरचं रेकॉर्डिंग थांबवलं आणि ऐकून पाहिलं. ‘लेकीचा’ म्हणताना शेळी नेमकी मध्येच ओरडली होती. “तुला कुणी इचारलं व्हतं गं?” असं म्हणत तात्यांनी तिच्यापुढं पाला टाकला, गोठ्याचं दार ओढून घेतलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. घरात बसून हे काम करायची सोय नव्हती. द्वारकाबाई लगेच आतून विचारायच्या, “कोण आलंय?”

हा उद्योग तात्यांनी म्हातारपणी शिकून घेतला होता. द्वारकाबाईंच्या फोनची घंटा काढून तिथं आपला आवाज घालायचा, अक्षरं मोठी करायची, पडद्यावरची नको ती चित्रं हटवायची, सगळं व्हिडिओ बघून बघून. आवाजाचं काम मात्र त्यांना नवं नव्हतं. सोमेश्वरनगरला साखर कारखान्याच्या ऊसयार्डात त्यांचा जन्म माइकपुढं गेला. गाड्यांचे नंबर पुकारायचे आणि एकेक गाडी वजनाच्या काट्यावर घ्यायची. कर्ण्यातून त्यांचा आवाज पार वस्तीपर्यंत यायचा. पाळी संपताना ते म्हणायचे, “शेवटची गाडी काट्यावर घ्या,” आणि ते ऐकून द्वारकाबाई चुलीवर तवा ठेवायच्या. तात्या सायकल भिंतीला टेकवायचे तेव्हा पहिली भाकरी टम्म फुगलेली असायची. जोतीरामाचा संसार कर्ण्यावर चाललाय, अशी लोक चेष्टा करायचे. तात्यांना राग यायचा नाही. खरं सांगायचं तर आवडायचं.

मग द्वारकाबाई विसरायला लागल्या. आधी आमटीत मीठ दोनदा पडलं, मग गॅस तसाच चालू राहिला, आणि एका दिवाळीला त्यांनी पोटच्या पोरीला विचारलं, “तू कुणाची गं?” बारामतीच्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की हे वाढत जाणार. ओळखीच्या गोष्टी डोळ्यांपुढं ठेवा, धरून ठेवता येईल तेवढं धरून ठेवा. तात्यांनी डॉक्टरांचं तेवढंच बोलणं घट्ट पकडलं. ती सगळं जग विसरली तरी चालेल, आपल्याला विसरू नये, एवढंच त्यांना हवं होतं. स्वार्थ म्हणा हवं तर. पण बायकोच्या आठवणीत जागा मागणाऱ्या माणसाला स्वार्थी तरी कसं म्हणायचं?

त्यांनी द्वारकाबाईंसाठी फोन घेतला आणि दोरी बांधून गळ्यात अडकवला. बोलून फोन लावायची सोय त्यात होती. तात्यांनी शिकवणी सुरू केली.

“कोणाला फोन लावायचा?” फोनमधल्या बाईनं विचारलं.

“सांग की नाव,” तात्या म्हणाले.

“कुणाचं?”

“माजं.”

“आगं बया!” द्वारकाबाईंनी पदर पुढं ओढला. “जीभ झडंल माजी. लगीन झाल्यापास्नं कदी घेतलंय व्हय?”

“हळदीकुकवाला उखाण्यात घेतलंस की.”

“तवा बायका सोडत्यात व्हय!” मग त्या फोनकडं वळल्या आणि हळूच लाजत म्हणाल्या, “आमचं हे.”

असं कोणी सापडत नाही, असं फोनमधल्या बाईनं कोरडेपणानं सांगितलं. द्वारकाबाईंना नवल वाटलं. “हिला आमचं हे म्हाईत न्हाईत?”

तात्या पोट धरून हसले. त्यांनी फोनमधलं स्वतःचं नाव खोडलं आणि तिथं ‘आमचं हे’ असं लिहून टाकलं. पुढच्या खेपेला फोन बिनचूक लागला, आणि समोरच बसलेल्या नवऱ्याशी द्वारकाबाई बराच वेळ फोनवर बोलल्या. शेजारच्या रेश्मानं ते पाहिलं आणि तिलाही हसू आवरेना. ते दिवस बरे होते.

पुढं पुढं फोनमधल्या बाईचा प्रश्नच त्यांना समजेना. तेव्हा तात्यांनी पडद्यावरचं सगळं काढलं आणि फक्त दोन मोठे फोटो ठेवले, एक स्वरूपाचा, एक स्वतःचा. बोट ठेवलं की फोन लागायचा. स्वरूपाच्या फोटोवर बोट जायचं. तात्यांच्या फोटोवर जात नव्हतं.

“हा कोण म्हातारा?” द्वारकाबाईंनी विचारलं.

दुपारी तात्यांनी पत्र्याच्या पेटीतून कारखान्याचं जुनं ओळखपत्र शोधून काढलं. त्यावर काळ्याभोर मिश्यांचा, केसाला तेल लावलेला जोतीराम होता. त्या फोटोचा मोबाईलवर फोटो काढून त्यांनी तो पडद्यावर बसवला. द्वारकाबाईंनी फोन हातात घेतला आणि त्यांचा चेहरा असा उजळला की तात्यांना भरून आलं. जमलं, असं त्यांना वाटलं.

आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतलाय, हे कळायला थोडे दिवस गेले. द्वारकाबाई दिवसभर त्या फोटोवरून बोट फिरवायच्या आणि जितक्या फोटोला ओळखायच्या, तितक्या समोरच्या माणसाला परक्या होत चालल्या. एकदा तात्या औषधं घेऊन नीरा गावाहून आले, तर त्या दारातच आडव्या उभ्या राहिल्या. “कोण पायजे? घरात बाप्या माणूस न्हाय. मागनं या.”

रेश्मानं समजूत घातली तेव्हा कुठं तात्यांना स्वतःच्या घरात जायला मिळालं.

“तात्या, त्यो फोटू काढा बघू आधी,” स्वरूपा बारामतीहून फोनवर म्हणाली. “तुमचा आत्ताचा लावा. दुसरं दिसलंच न्हाय की आई तुमच्याकडं बघंल.”

तात्यांनी तेही करून पाहिलं. काढायला कितीसा वेळ लागतो? बोट दाबून धरायचं आणि वर सरकवायचं. पण मग द्वारकाबाई अंगणात, गोठ्यात, कॉटखाली, सगळीकडं शोधत सुटल्या. “आमचं हे कुठं गेलं? आत्ता हितं व्हतं!” लहान पोरीसारख्या रडल्या, जेवल्या नाहीत. तात्या हात धरून सांगत होते, “आगं, मीच की त्यो,” आणि त्या हात सोडवून घेत होत्या. शेवटी तात्यांनी तो फोटो परत जागेवर बसवला. फोनमधलं सगळं बदलता येत होतं, बिघडलं तर पूर्ववत करता येत होतं. इथं मात्र त्यांच्या हाताला काहीच लागत नव्हतं.

आज शेळीला पाला घालून, लेकीच्या फोनची नवी घंटा बसवून तात्या घरात आले. ऊन कलत आलं होतं. सकाळीच त्यांनी रेश्माकडं जाऊन स्वतः भाकरी थापून आणल्या होत्या. गॅस चालू राहायला नको म्हणून टाकी आता तिच्याकडंच असायची. द्वारकाबाई समोरच बसल्या होत्या. त्यांनी फोटोवर बोट ठेवलं आणि तात्यांच्या खिशातला फोन वाजला. तात्या उठून पुन्हा गोठ्यात गेले.

“बोल.”

“अवं, कवा येताय?” द्वारकाबाई दबक्या आवाजात बोलत होत्या. “हितं एक म्हातारा येऊन बसतोय रोज. माणूस वंगाळ न्हाय. च्या करून आणतो, वेणीबी घालून देतो. पर मला लाज वाटती. तुमी या ना लवकर.”

तात्यांनी शेळीच्या पाठीवर हात टेकवला. मग गळा साफ करून त्यांनी तो यार्डातला जुना आवाज काढला. “शेवटची गाडी काट्यावर हाय. निघालोच.”

“तवा ठिवू?”

“ठिव.”

आतून थंड शेगडीवर तवा ठेवल्याचा आवाज आला. आत जायचं ते कोण म्हणून, हे तात्यांना ठरवता येईना. शेवटी ते ओसरीवर आले आणि दाराशी खाकरले.

द्वारकाबाईंनी वळून पाहिलं. चेहऱ्यावर भीती नव्हती, आनंदही नव्हता. “बसा पावणं,” त्या म्हणाल्या. “आमचं हे येतीलच आत्ता. तवर दोन घास खाऊन घ्या.”

त्यांनी दोन ताटं वाढली. एक ओसरीवर आणून तात्यांपुढं ठेवलं. दुसऱ्यात त्यातल्या त्यात मऊ भाकरी निवडून ठेवली, त्यावर परात झाकली आणि रस्त्याकडं तोंड करून त्या उंबऱ्यात बसल्या.

तात्यांनी स्वतःच थापलेली भाकरी मोडली आणि ते पाहुण्यासारखे मान खाली घालून जेवू लागले.