खांद्यावरून पडण्याचा मान

मी अम्मन देवीच्या देवळापुढचा गोल दगड बोलतोय. दचकू नका, कुणाच्या पायावर पडायची मला सवय नाही. मी पडतो तो खांद्यावरून, पाठीमागे, वाळूत. तेवढ्यासाठीच मला घडवलंय.

आमच्या तामिळ मुलखात मला इळवट्टक्कल म्हणतात, म्हणजे जवान गड्यानं उचलायचा दगड. पाथरवटानं मला इतकं गुळगुळीत केलं की बोट अडकवायला कुठे खाच नाही. पूर्वी लग्न ठरवायचं तर नवरदेवाला मला उचलावं लागे. आधी मांडीवर, मग छातीशी, मग खांद्यावर, आणि शेवटी मागे टाकायचं. मुलीची आई समोर डोळे वटारून उभी. कितीजणांच्या मिशा माझ्यापुढे उतरल्या ते सांगत नाही, त्यांची नातवंडं अजून गावातच आहेत.

पुढे मुलीकडचे दगडाऐवजी नोकरी विचारायला लागले. मग माझ्यावर पत्ते खेळणारे बसू लागले, शेळ्या अंग घासू लागल्या. पोंगलच्या सणाला दगड उचलायची स्पर्धा होते अजून, पण ती धाकट्या दगडांची. माझ्याजवळ येऊन लोक नुसता फोटो काढत.

देवळासमोर सेल्वकनीचं घर आहे. तिचा मुलगा इसक्कीमुत्तू ताडावर चढून नीरा काढतो. पोरगा उंच, पण इतका बारीक की सदरा अंगावर दोरीवर टाकल्यासारखा लोंबायचा. बरोबरीची मुलं म्हणत, मुत्तू, वारा सुटलाय, ताडाला मिठी मारून बस. तो हसायचा. आईला मात्र ते लागायचं. तान्हा होता तेव्हापासून तिला एकच घोर, पोराच्या अंगाला काही लागत नाही. केळी, अंडी, मासळी, जे हाताला येईल ते ती त्याच्या पानात लोटायची.

एक दिवस तो शहरातल्या जेबराज मास्तरांच्या जिममध्ये गेला आणि म्हणाला, मला जाड करा. मास्तरांनी केला. हलकी वजनं घेऊन हात भरून येईस्तोवर वर-खाली, वर-खाली. वर्षभरात दंड फुगले, सदरा तटतटला. सेल्वकनीनं रोज मीठमिरच्या ओवाळून त्याची दृष्ट काढली.

मग गेल्या वर्षीच्या पोंगलला तो थेट माझ्याकडे आला. त्या सकाळी आईनं त्याला उडदाची कळी चारली होती. उडदाचं पीठ ताडगुळात शिजवायचं, वर तिळाचं तेल. आमच्याकडे ताकदीला यापरतं काही नाही असं समजतात, म्हणून वाटीवर वाटी. त्यानं मला जेमतेम मांडीवर घेतलं, दंड थरथरत होते. पोटाशी आवळलं, आणि पोटातली सगळी कळी माझ्यावर आली. मी वाळूत, तो माझ्याशेजारी.

‘घ्या, दगडाला जेवू घातलं,’ कुणीतरी म्हणालं, आणि सगळं गाव हसलं.

सेल्वकनी बादली घेऊन आली. मला धुता धुता हळूच म्हणाली, ‘तू तरी हसू नकोस रे.’

मी कसला हसतोय. त्याच संध्याकाळी गावप्रमुख पोनपांडी म्हणाले की, हा आता कुणाच्यानं उठत नाही. पुढच्या पोंगलला उठला तर ठीक, नाहीतर बसथांब्यापाशी सिमेंटात बसवून वर गावाचं नाव रंगवू. शोभेल.

शोभेल म्हणे. एकदा सिमेंटात गेलो की मी दगड नाही, पाटी.

मुत्तूनं मास्तरांना जाऊन विचारलं, दंड आले, ताकद कुठे राहिली?

‘तू दंड मागितलेस, मी दंड दिले,’ जेबराज म्हणाले. ‘दगडाचं कधी बोललास तू?’

लाजेनं बोललाच नव्हता तो. रविवारी चर्च सुटल्यावर मास्तर स्कूटरवर आले. मला चाचपलं, जरा हलवून पाहिलं, आणि म्हणाले, हा हातांनी उचलायचा नव्हेच. हा मांड्यांनी आणि पाठीनं उचलायचा, पोट घट्ट धरून.

तेव्हापासून सगळं बदललं. जड वजन, पण थोड्याच वेळा. मग बसायचं, चांगला दम खायचा, मग पुन्हा. पहाटे ताडावरून उतरला की तो माझ्याकडे यायचा. आधी नुसता जमिनीवरून सोडवायचा, पुढे मांडीपर्यंत. सेल्वकनीच्या जिवाला चैन पडेना. पोर निम्मा वेळ बसूनच असतो, हा कसला व्यायाम, असं तिनं मास्तरांना विचारलंच.

‘अक्का, तुम्ही वर्षभर पोटभर वाढा. ताकद काही वाऱ्यावर येत नाही,’ ते म्हणाले. ‘फक्त पोंगलच्या सकाळी वाढू नका.’

एवढंच तिला जड गेलं. माझ्याहून जड.

वर्षानं मुत्तूचा सदरा होता तेवढाच राहिला. आईला काही फरक दिसेना, पण मला कळत होता. गेल्या वर्षीचे हात फुगलेले होते, आता तेच हात माझ्यावर बसले की हलत नव्हते. अंग भरणं वाईट नाही हो. सदरा भरायचा तर तो रस्ता बरोबर. पण मला सदरा उचलत नाही.

पोंगल आला. बसथांब्यापाशी सिमेंटची पोती येऊन पडली होती. सेल्वकनी झाकलेलं पातेलं घेऊन वाळूच्या कडेला उभी. हात सारखा झाकणाकडे जायचा.

‘एकच घास, राजा.’

‘नंतर, अम्मा.’

‘अरे, उपाशीपोटी...’

‘नंतर.’

ती मटकन खाली बसली आणि झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलं, जणू तेच उडून जाणार होतं.

मुत्तू वाकला. मी मांडीवर आलो. तिथे तो थांबला, मला कुशीत घेतल्यासारखं घट्ट धरलं, श्वास घेतला आणि मांड्यांनी उठला. छातीशी त्याचं काळीज मला ऐकू येत होतं. मग एक हिसका, आणि मी खांद्यावर.

किती वर्षांनी मी तिथून पाहिलं. ताडांचे शेंडे, घरांची कौलं, आणि लांब समुद्राची रेघ. मुत्तू घाई करत नव्हता. मला पाहू दिलं त्यानं. मग त्यानं खांदा सोडला आणि मी मागे, वाळूत, धप्पकन पडलो. असं पडायला नशीब लागतं.

पोनपांडी स्वतः मिशी पुसत पुढे आले. ‘ते सिमेंट देवळाच्या पायऱ्यांना लावा,’ एवढंच म्हणाले.

सेल्वकनीनं झाकण काढलं. सगळ्या गावादेखत तिनं त्या घोड्याएवढ्या मुलाला हातानं कळी भरवली, आणि तोही पोटभर जेवला. मग उरलेला गोळा घेऊन ती माझ्यापाशी आली.

‘गेल्या वर्षी तुझ्या अंगावर सांडली होती,’ ती म्हणाली. ‘यंदा मानानं घे.’

ती कळी अजून माझ्या कपाळावर सुकलेली आहे, मुंग्या येतात. मी आहे तिथेच आहे, मोकळा. तुमच्या घरी बारीक पोर असेल तर त्याला हसू नका, नुसतं चारूही नका. काय उचलायचंय, तेवढं आधी विचारा. आणि मीच उचलायचा असेन तर या. फक्त सकाळी जेवून येऊ नका.