डावीकडची जागा

“भाऊ, तो डावीकडचा अँप जरा बंद करा बरं.”

गाणारी माइकसमोर उभी होती. डोळे मिटलेले, मान एका अंगाला कललेली. भाऊने तारांवर तळहात ठेवून गिटार गप्प केली.

“का? फार मोठा होतोय का आवाज?”

“मोठा कुठला! येतच नाहीये तुमचा आवाज. भिंतीपलीकडे शेजारी वाजवतोय असं वाटतं.”

“अगं ताई, त्या अँपला हात लावायचा म्हणजे देव्हाऱ्यातला देव हलवायचा,” मागून ड्रमवाला म्हणाला आणि त्याने काठीने स्वतःच्याच गुडघ्यावर ठेका धरला. हॉलमध्ये दुपारचं ऊन रिकाम्या खुर्च्यांवर ऐसपैस बसलं होतं. त्याच्याशिवाय दुसरा श्रोता नव्हता.

भाऊ उठला. स्टेजच्या डाव्या कडेला तो अँप होता. गिटारचा आवाज मोठा करणारा तपकिरी खोका, कमरेएवढा उंच, जाळीचं कापड एका कोपऱ्यात उसवलेलं. मुठीला चिंधी गुंडाळलेली, तीही आता काळी पडलेली. उजवीकडे भाऊचा स्वतःचा अँप, लहानखुरा, काळा. गिटारची वायर पायाशी एका डबीत जायची आणि तिथून तिला दोन वाटा फुटायच्या, एक काळ्याकडे, एक तपकिरीकडे. बोटं एकाची, पण आवाज दोन तोंडांनी.

तपकिरी अँप दादाचा. दादा म्हणजे भाऊचा थोरला. तो दादा म्हणून हा भाऊ. बँडमध्ये दोघांना दुसऱ्या नावाने कधी कुणी हाक मारली नाही. दादा डावीकडे, भाऊ उजवीकडे. जात्यावर दोघी बसल्या की ओवी एकीची राहत नाही, तसं त्यांचं वाजवणं होतं. कुठली तार कुणाची, ते विचारू नये. मग दादा गेला. डावीकडची जागा रिकामी झाली आणि भाऊला ती बघवेना. दादाच्या अँपचा स्पीकर शेवटी शेवटी फाटून फरफर करत होता. भाऊने नवा आणला, स्वतःच्या हाताने बसवला, आणि अँप दादाच्या जागी नेऊन ठेवला. तेव्हापासून वाजवता वाजवता त्याच्या डाव्या कानाला वाटायचं, पलीकडून कुणी साथ देतंय. ओळखीचं. आपलं.

आता त्याने दादाच्या अँपचा खटका दाबला. लाल दिवा विझला. भाऊने जागेवर येऊन तोच तुकडा पुन्हा वाजवला.

गाणारीने डोळे उघडले. “अगं बाई! आता आलात की! भाऊ, एक बंद केला आणि आवाज वाढला. हे कसलं हो गणित?”

ड्रमवाल्याने काठ्या मांडीवर आडव्या ठेवल्या. भाऊच्याच वयाचा, बँडचा कारभार बघणारा. कडू गोळी साखरेतून द्यायची सवय त्याला नव्हती.

“ऐक. हॉलवाला दोनदा बोलला मला. म्हणाला, तुमचा गिटारवाला नुसता हात हलवतो का? शनिवारच्या कार्यक्रमाला एकच अँप आण. तुझा.”

“इतके दिवस बोलला नाहीत ते?”

“कोण बोलणार? मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार? डावीकडे दादा होता ना बाबा.”

गाणारी पाण्याची बाटली उघडून उगीच झाकण लावत बसली. भाऊला वाटलं, आपण गर्दीत तासभर बोलत होतो आणि लोक नुसतेच माना हलवत होते. कानांच्या पाळ्या तापल्या.

“शनिवारच्या आधी एकदा दोन्ही ऐका,” तो म्हणाला. “तरी नाही जमलं, तर उचलून नेतो.”

*

संध्याकाळी तो वहिनीकडे गेला. का गेला, ते जिना चढतानाही त्याला नीट सांगता आलं नसतं. वहिनी ओट्यापाशी बटाटे सोलत होत्या. भाऊने सगळं सांगितलं, तशी त्यांची सुरी थांबली.

“भाऊजी, एक आधीच सांगते. ते धूड परत माझ्याकडे आणायचं नाही. संसारभर त्याला अडखळले मी. त्याच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवले की हे असे ओरडायचे, जसं काही मी त्यांच्या आईच्या डोक्यावर ठेवलेत!”

भाऊ हसला. बऱ्याच दिवसांनी हसल्यासारखा, जरा अडखळत.

“तुम्हाला आठवतं वहिनी, दादा कसा उभा राहायचा? त्या अँपला टेकून?”

“टेकून? छे हो!” वहिनींनी बटाटा पाण्यात टाकला. “त्याच्यापाशी उभे राहायचे तरी कुठे? अर्धं गाणं झालं की सरकत सरकत तुमच्या बाजूला. मी समोर बसून बघायची ना. एकदा विचारलंसुद्धा, ही काय खेकड्याची चाल हो तुमची? तर म्हणाले, अगं, माझ्या जागेवरून धाकट्याचं नीट ऐकू येत नाही.”

भाऊ ओट्यावरच्या सालींकडे बघत राहिला. दादा सरकत यायचा, हे त्याला माहीत होतं. त्याला वाटायचं, आपण चुकतोय म्हणून येतो. म्हणून तो तेव्हा मान खाली घालून आणखी जपून वाजवायचा. एकदाही वर बघितलं नाही.

“चहा टाकू?”

“नको. काम आहे.”

“तुम्हाला नेहमी कामच,” वहिनी म्हणाल्या आणि पुढचा बटाटा घेतला.

*

भाऊच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. दादा जागा सोडून ऐकायला जायचा. आपण मात्र आपल्या अँपपुढे खुंटीला बांधल्यासारखे. गाणारी जिथे उभी असते, तिथे आपला आवाज कसा येतो, ते आपण कधी ऐकलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच हॉलवर गेला. लांब वायर जोडली, दोन्ही अँप सुरू केले आणि वाजवत वाजवत स्टेजच्या मधोमध आला. गाणारीच्या जागेवर पाय ठेवला, आणि त्याच्या हातातली गिटार जणू वाळून गेली. जाड तारांचा सगळा भरदारपणा गेला, उरलं नुसतं टरफल. दोन्ही अँप जीव तोडून वाजत होते आणि मधे पोकळी होती.

मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. त्याने दादाच्या अँपची मागची फळी खोलली, खिशातल्या टॉर्चचा सेल काढला आणि वायरींच्या टोकांना टेकवला. काळ्या अँपच्या स्पीकरचा पडदा अशा वेळी पुढे उडी मारतो. हा गपकन मागे गेला, जीभ आत ओढावी तसा.

वायरी उलट्या लागल्या होत्या. जुन्या स्पीकरच्या दोन्ही वायरी धुराने, धुळीने सारख्याच काळ्या झालेल्या, लाल कुठली ते कळेना. तेव्हा डोळ्यांत पाणी होतं की चष्मा नव्हता, देव जाणे. अंदाजाने जोडल्या आणि अंदाज चुकला. तेव्हापासून एक अँप हवा पुढे ढकलत होता आणि त्याच वेळी दुसरा मागे ओढत होता. एक म्हणायचा ये, दुसरा म्हणायचा जा. एकाचं दुसरा खात होता, आणि भाऊ मात्र समजत होता की साथ चाललीय.

त्याने वायरींची अदलाबदल केली, वितळलेल्या कथिलाचा थेंब थंड होईपर्यंत फुंकर घातली आणि फळी बसवली.

दुपारी सगळे जमले. भाऊने पहिलीच जाड तार छेडली आणि ड्रमवाल्याची झांज आपसूक किणकिणली.

“आयला!” ड्रमवाला उभाच राहिला. “ही गिटार आहे का हत्ती?”

गाणारी खुदकन हसली. “आता मला ओरडावं लागणार. भाऊ, खरंच, पोटात वाजतंय हो!”

“चूक माझीच होती,” भाऊ म्हणाला. “वायरी उलट्या.”

“उलट्या तर उलट्या. आता सुलट झाल्या ना? मग दोन्ही आण शनिवारी. हॉलवाल्याला मी बघतो.” ड्रमवाल्याने त्याच्या पाठीवर थाप मारली. “दादा राहू दे त्याच्या जागेवर.”

भाऊला हेच हवं होतं. हेच मागायला तो आला होता. त्याने मान हलवली, वायर ओढत मधोमध आला, डोळे मिटून वाजवू लागला आणि सवयीने डावा कान पुढे केला.

डावीकडे कुणी नव्हतं.

उजवीकडेही नव्हतं. दोन अँपमधून निघालेला आवाज बरोबर मधे, त्याच्या छातीसमोर, येऊन एक झाला होता. अखंड, गोल, भरलेला. एका माणसाचा. इतके दिवस डाव्या कानाला जे पलीकडचं, वेगळं, दादाचं वाटत होतं, ते त्या उलट्या वायरींनी फाडून दूर ठेवलेलं त्याचं स्वतःचंच वाजवणं होतं. चूक होती तोवर दोघं होते. चूक काढली आणि एक उरला.

तुकडा संपला. दोघांनी टाळ्या वाजवल्या. भाऊने गिटार पुसली, नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग दोन्ही अँप गाडीत घालून घरी नेले.

*

शनिवारी तो हॉलच्या मागच्या दाराने आला, तेव्हा त्याच्या हातात एकच अँप होता. चिंधीची मूठ दोन्ही हातांनी धरून, मांडीवर टेकवत टेकवत त्याने तो आणला आणि डावीकडे ठेवला.

“दुसरा गाडीत राहिला का? आणायला येऊ?” ड्रमवाल्याने विचारलं.

“नाही. एक पुरतो.”

“अरे, दोन्ही चालतील म्हटलं होतं ना मी! आणि एकच आणायचा तर तुझा आणायचास. हलका आहे. हा रेडा कशाला वाहत आणलास?”

“तो आज घरी बसलाय,” भाऊ म्हणाला आणि दोन वाटांची ती डबी न जोडताच पिशवीत टाकली.

ड्रमवाल्याने तोंड उघडलं, मग काय वाटलं कोण जाणे, काठ्या उचलल्या.

हॉल भरला. खुर्च्यांवर उन्हाऐवजी माणसं बसली. भाऊ आयुष्यात पहिल्यांदा डावीकडे उभा होता. तिथून सगळं वेगळं दिसत होतं, गाणारीचा दुसरा गाल, ड्रमवाल्याचं टक्कल, आणि स्टेजच्या उजव्या कडेला धुळीत उमटलेला एक स्वच्छ चौकोन, त्याचा काळा अँप जिथे असायचा तो.

गाणं सुरू झालं. दादाच्या अँपमधून, दादाच्या जागेवरून, भाऊ दादाचा भाग वाजवू लागला. हातांना सगळं येत होतं. कुठे थांबायचं, कुठे धाकट्याला वाट द्यायची, तेही. तिथे तो थांबला. त्या रिकाम्या जागा त्याने भरल्या नाहीत.

अर्धं गाणं झालं. गाणारीने दुसरं कडवं उचलताना सहज बाजूला पाहिलं. भाऊ वाजवत वाजवत, मान वर करून, एकेक पाऊल त्या चौकोनाकडे सरकत होता.