हवाई अंतर

खरवईतल्या आमच्या शेजारच्या रखमाबाई थोरल्या मुलाकडे नागपूरला राहायला जाणार होत्या. धाकट्या यशोधराला आसामात, दिब्रुगडला नोकरी लागली होती, पण आईने हो म्हटल्याशिवाय ती जाणार नव्हती. नागपूरहून दिब्रुगड किती लांब, हे विचारायला दोघी माझ्याकडे आल्या. घरात नकाशांचं पुस्तक आहे, एवढ्यावर लोक मला जाणकार समजतात.

नकाशावर पट्टी लावून मी चाचरत म्हणालो, "हवाई अंतर साधारण साडेसतराशे किलोमीटर. विमानाला अडीच तास."

"हवाई म्हणजे नुसत्या गप्पाच की," रखमाबाई म्हणाल्या.

यशोधरा हसली. पण त्यांचं खरंच होतं. थेट विमान नव्हतं, कोलकात्याला बदलावं लागे.

"मी आजारी पडले तर ही त्याच दिवशी पोचेल का, तेवढं सांगा काका."

"सकाळी निघाली तर रात्री पोचेल. बहुतेक."

"ते बहुतेक काढा ना."

मला ते काढता येईना.

रखमाबाई लेकीला म्हणाल्या, "काका उगाच धीर देत नाहीत, बरं वाटलं. जा तू. मी पडले आजारी, तर सकाळी लवकरच पडेन."