रुख्मिणीच्या पायातली साखळी

बुलढाण्याजवळच्या धाड गावातल्या तुळशीराम माळ्याच्या धाकट्या भावाचे लग्न झाले, त्या उन्हाळ्यात मी जन्मले. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा वर्ष उलटले होते. मित्रांनो, मी एक जुनी साखळी आहे. लग्नात आंदण म्हणून आलेल्या तांबड्या गायीसाठी लोहाराने मला घडवले. माझ्या एका टोकाला कडी, दुसऱ्या टोकाला आकडा. भट्टीतला तो जाळ मी अजून विसरले नाही. लाल झालेले लोखंड समोरचा कोण हे पाहत नाही.

दोन वर्षे गायीच्या गळ्यात सुखाची गेली. तुळशीरामची पंधरा वर्षांची लेक रुख्मिणी मला सकाळी सोडी, संध्याकाळी अडकवी. तिच्या हातांना मेथीचा वास असे. मेथीच्या जुड्या बांधता बांधता ती गायीशी गप्पा मारी.

पुढच्या हिवाळ्यात गप्पा थांबल्या. ती जेवेना, झोपेना. जुडी हातात धरून नुसती बसून राही. एका दुपारी ती मळ्यातल्या विहिरीच्या काठावर उभी दिसली. तिची माय गोजरबाई धावत गेली आणि तिला ओढत घरी घेऊन आली. त्याच दुपारी मला गायीच्या गळ्यातून काढून रुख्मिणीच्या घोट्याभोवती अडकवले आणि कडी घरातल्या खांबाला बांधली.

मला फार भीती वाटली. गायीचे कातडे जाड असते. पोरीचा घोटा तिसऱ्याच दिवशी सोलला. ती थरथरे, म्हणून मी वाजे. मी वाजले की ती आणखी घाबरे.

शेजारचे महादेवराव येऊन म्हणाले, "तुळशीराम, हे बाहेरचं हाय. अमावसेले भगताले बोलावतो. डाग देल्याबिगर हे जात नाई."

"डाग कायचा?"

"या साखळीचाच. जिनं बांधलं तिनंच डागा लागते."

मित्रांनो, ते ऐकून मी गार पडले. अमावस्येला पाच दिवस उरले होते. रुख्मिणीनेही ते ऐकले. तिने मला दोन्ही हातांनी घट्ट धरले. मला वाटले, आता ही आकडा काढील आणि पळेल. तिने काढला नाही.

दोन दिवसांनी सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई, सिंधूताई, घरोघर देवीची लस टोचत आमच्या दारी आल्या. गोजरबाईने घाईघाईने लेकीवर गोधडी टाकली.

"आतमधी कोण वाजते ओ?"

"गाय हाय, बाई."

"गाय तं बाहेर चरून राह्यली. ही कोणती, गोधडी पांघरणारी?"

गोजरबाईला हसू आले नाही. गोधडीखाली मी वाजतच होते. सिंधूताईंनी गोधडी उचलली. त्यांनी घोटा पाहिला, मग आकडा पाहिला.

"पोरी, हा तं एका हातानं निघते. काऊन नाई काढला?"

नऊ दिवसांत रुख्मिणी पहिल्यांदा बोलली. "काढला तं मी जाईन, बाई. विहीर हाका मारते. मले लय भेव लागते. मले नाई जायचं."

गोजरबाई लेकीजवळ बसली. "मी समजत होती, भुताले बांधलं."

"भूतबीत काई नाई. तुमची लेक घाबरली हाय. हे दुखणं हाय, गोजरबाई, अन् याले औषध हाय. सकाळच्या एस.टी.नं बुलढाण्याले चाला."

तुळशीराम दारातच उभा होता. "भगताले शब्द देला ना बाई. अन् येडी म्हणून नाव पडलं तं हिच्याशी लगन कोण करीन?"

"मंग आधी मले डागा," गोजरबाई म्हणाली. "पाहा, माह्यातून कोणतं भूत निघते ते."

तुळशीराम दारातून बाजूला झाला. गोजरबाईने आकडा काढला आणि आपला पदर लेकीच्या मनगटाला बांधला. सकाळी दोघी तशाच एस.टी.त चढल्या. तुळशीराम मागून शिदोरी घेऊन गेला.

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन रुख्मिणीला नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात पाठवले. मी खुंटीवर लटकत होते. दार वाजले की मला धडकी भरे. कोणती बातमी येते कोण जाणे! तीन महिन्यांनी रुख्मिणी आली. अंगाने वाळलेली, औषधाने हात कापत होते. पाणवठ्यावरच्या बाया म्हणाल्या, "आली का नागपूरची शहानी!" ती आठ दिवस बाहेर पडली नाही. नवव्या दिवशी ओसरीत बसून तिने एक जुडी बांधली. ती सैल झाली. तिने सोडून पुन्हा बांधली.

दुखणे एकदम गेले नाही. पुढे दोनदा उलटले. दुसऱ्या वेळी तीच म्हणाली, "माय, हाका सुरू झाल्या. दवाखान्यात चाल." माझ्याकडे कोणी पाहिलेही नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी बोलेनासे झाले, जेवेनासे झाले, तर माझ्यासारखीला शोधू नका. त्याच्याजवळ बसा. कशाचे भेव लागते ते विचारा, आणि दवाखान्यात न्या. मी लोखंड आहे. मला विचारता येत नव्हते.

पुढे काही वर्षांनी रुख्मिणीची माय गेली, तेव्हा सगळ्यांचे डोळे रुख्मिणीवर होते. महादेवरावांनी तर माझ्याकडेही पाहिले. रुख्मिणी पोटभर रडली. गोळ्या संपल्या होत्या, म्हणून सुतकातच एकटी एस.टी.त बसून बुलढाण्याला गेली आणि संध्याकाळी परत आली.

रुख्मिणी अजून जिवंत आहे. तिची माय गोजरबाई १९७३ सालच्या पौष महिन्यात दम्याने वारली.