मेणबत्ती हलता कामा नये

रादिसावच्या जुन्या गाडीला चारही चाकांवर जोर होता. बर्फ असो, चिखल असो की ओढा, ती जायची आणि परतही यायची. तिचं काही चालत नसे ते एकाच माणसापुढे, रादिसावच्या बायकोपुढे. ल्युबिंकानं सहा वर्षांत त्या गाडीत पाऊल ठेवलं नव्हतं.

कारण प्रोमाया. म्हणजे एका फटीतून शिरून दुसरीतून जाणारा आरपार वारा. स्तारा प्लानिना डोंगराच्या उतारावरच्या त्या गावात माणसं लांडग्याला भीत नसत, पोलिसाला तर मुळीच नाही. पण समोरासमोरच्या दोन खिडक्या एकदम उघड्या दिसल्या, की धडधाकट गडी मान झाकून पळत. सहा वर्षांपूर्वी, लेकीच्या लग्नाच्या आठ दिवस आधी, ल्युबिंका त्या गाडीतून बाजाराला गेली. तिच्या बाजूची काच अर्ध्यावर अडकली होती. "काही होत नाही गं," असं रादिसाव म्हणाला होता. दुसऱ्या दिवशी तिचं तोंड डावीकडे वाकडं झालं.

शहरातल्या डॉक्टरानं सांगितलं, हे वाऱ्यानं होत नसतं. पण हे सांगण्याआधी तो उठून खिडकी लावून आला, ते तिनं बरोबर टिपलं. महिन्याभरात तोंड जागेवर आलं, लग्नाचे फोटो मात्र तसेच राहिले. त्यांत ती अशी दिसते की व्याह्यांना अजूनही वाटतं, तिला जावई पसंत नव्हता.

मग ती बसनं जाऊ-येऊ लागली. या नोव्हेंबरात बस बंद झाली, आणि त्याच आठवड्यात लेक तियाना बाळंत झाली. पहिली नात! चाळीस दिवस बाळ-बाळंतीण उंबरा ओलांडणार नव्हती. तोवर आजीनं गरम पीटा, म्हणजे पातळ थरांत चीज भरून भाजलेली जाड पोळी, करून बघायला जायचं, ही रीत. आणि पोरीचं घर पस्तीस किलोमीटर खाली.

"मी चालत जाईन," ल्युबिंका म्हणाली.

"पस्तीस किलोमीटर? या गुडघ्यांनी?"

"मग काय, तुझ्या त्या चाळणीत बसून जाऊ आणि नातीला पहिल्याच भेटीत वाकडं तोंड दाखवू?"

'काही होत नाही' हे ते तीन शब्द सहा वर्षं रादिसावच्या घशात अडकलेले होते. तिनं एकदाही ते काढून दाखवले नव्हते, म्हणून तर जास्तच टोचत. "रविवारपर्यंत थांब," तो म्हणाला. "एक फट राहिली तर मी स्वतः तुझ्याबरोबर चालत येईन."

कामाला त्याचा कूम वितोमीर आला. कूम म्हणजे लग्नातला साक्षीदार आणि लेकीचा धर्मपिता. ज्याच्यावर रागावता येत नाही असा माणूस, आणि वितोमीरला हे पक्कं ठाऊक होतं. तो उलट्या बादलीवर बसून राकिया, म्हणजे घरी गाळलेली फळांची दारू, पीत सल्ले द्यायचा. पण वाईट गोष्ट ही की त्याचे सल्ले बरोबर निघायचे.

दारांचं रबर कडक होऊन तडकलं होतं. कोठारात एक मेलेला फ्रिज बरण्या ठेवायला वापरत. त्याच्या दाराचं रबर काढून गाडीच्या दाराला चिकटवलं. काच वर-खाली करणारी तार तुटली होती. तिथे सायकलच्या ब्रेकची तार बसवली. सहा वर्षं लाकडी पाचरीवर उभी असलेली काच आता एका बोटानं वर-खाली होऊ लागली. पायाखाली गंजून पडलेल्या भोकांवर पत्रा ठोकून वर स्वयंपाकघरातलं उरलेलं लिनोलियम अंथरलं. गिअरच्या दांड्याभोवतीचं रबर फाटलं होतं, म्हणून वितोमीरनं जुन्या गमबुटाची पोटरी कापून ती दांड्यावर चढवली.

"आता तुझी गाडी एका पायात बूट घालून हिंडणार," तो म्हणाला.

"तू बादलीवरून उठू नकोस, कूम. पडशील."

शनिवारी ल्युबिंकानं परीक्षा घेतली. चर्चमधली बारीक पिवळी मेणबत्ती पेटवून ती गाडीत बसली, दारं लावून घेतली, आणि वितोमीरनं बागेवर औषध मारायचं पाठीवरचं यंत्र सुरू करून बाहेरून गाडीवर वारा सोडला. ज्योत हलली. आतून तिनं बोटानं जागा दाखवली, रादिसावनं ती बुजवली. पुन्हा हलली, पुन्हा बुजवली. शेवटी समोरच्या जाळीतून वारा येतोय असं दिसलं. रादिसाव जंगलखात्यात होता तेव्हाची त्याची फेल्टची टोपी खुंटीवर होती. त्यानं बॉनेट उघडून, बाहेरची हवा जिथून आत शिरते त्या भोकात ती टोपी कोंबली आणि वरून डांबर थापलं.

ज्योत सरळ उभी राहिली. ल्युबिंका खाली उतरली. सहा वर्षांत पहिल्यांदाच तिनं गाडीच्या दाराला हात लावून ते हळू लोटलं.

"काचा घामेजल्यात आतून," वितोमीर म्हणाला.

"मेणबत्तीनं," रादिसाव म्हणाला. त्या क्षणी त्याला स्वर्ग दोन बोटं उरला होता. काचांकडे कोण बघतो?

रविवारी रिमझिम पाऊस होता. ल्युबिंका दोन रुमाल बांधून, भट्टीतून आत्ताच काढलेला चीजचा पीटा फडक्यात गुंडाळून मांडीवर घेऊन बसली. दोन किलोमीटर तिनं श्वास रोखून धरला. तिसऱ्याला वरचा रुमाल सैल केला. चौथ्याला म्हणाली, "खरंच रे, काही येत नाही."

रादिसावला इतका आनंद झाला की तो एक मोठा उसासा टाकून बसला. त्यानं समोरच्या काचेवर आणखी थोडी वाफ चढली.

पीटा वाफाळत होता, माणसं श्वास घेत होती, आणि बाहेर जायला कशालाच वाट नव्हती. घाटाच्या तोंडाशी समोरची काच दुधासारखी पांढरी झाली. रादिसावनं बाहीनं पुसली, ल्युबिंकानं रुमालानं पुसली. पुसलेलं चार श्वासांत भरून यायचं. एका वळणावर लाकडांचा ट्रक भोंगा वाजवत इतक्या जवळून गेला की आरसा थरथरला, आणि उजवं चाक खडीवरून दरीकडे घसरलं. चारही चाकांनी जोर लावून गाडी रस्त्यावर आणली. गाडीनं आपलं काम केलं होतं.

"वारा सोड ना काचेवर!" ल्युबिंका ओरडली.

"तिथं टोपी आहे."

"मग थांब आणि काढ!"

"डांबर लावलंय. आणि इथं थांबलो तर मागचा येऊन आपल्यावर बसेल."

तिनं पीटा सावरला, पुसून ओले झालेले रुमाल काढून पर्समध्ये ठेवले आणि काचेचा दांडा फिरवला. काच सुरेख खाली गेली. एवढी सुरेख ती कारखान्यातून आली तेव्हाही गेली नसेल. वाफ जराशी हलली, पण गेली नाही.

"तुझीही उघड," ती म्हणाली.

"अगं, मग आरपार—"

"मला कळतं काय होतं ते. उघड! मला नातीला बघायचंय."

त्यानं उघडली. नोव्हेंबरचा वारा एका खिडकीतून आला, ल्युबिंकाच्या मानेवरून, गालावरून गेला आणि दुसरीकडून निघाला. काच लख्ख झाली. उरलेले सत्तावीस किलोमीटर ती एका हातानं डावा गाल धरून, ताठ बसून राहिली. कुरकुरली नाही. रादिसावला वाटलं, हिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तियानाच्या दारात विहीणबाई उभ्या होत्या. ल्युबिंकाचे केस कुणी उपटून परत लावल्यासारखे उभे होते, नाक लाल होतं, पीटा बर्फ झाला होता.

"अगंबाई, त्याच गाडीतून आलात?" विहीणबाईंनी विचारलं. "वाऱ्यातून?"

"वारा कसला?" ल्युबिंका म्हणाली. "ह्यानं स्वतः दुरुस्त केलीय. मेणबत्तीची ज्योतसुद्धा हलत नाही आत."

रादिसाव मागे पीटा घेऊन उभा होता. त्याचे डोळे भरून आले.

"काय झालं?" तियानानं आतून विचारलं.

"वारा लागला त्याला," ल्युबिंका म्हणाली. आत जाऊन तिनं आधी खिडकी नीट लागलीय का ते पाहिलं, मग गाल चाचपला, आणि मग बाळाला घेतलं.