दादाचा एकच शब्द

अर्धांगाचा झटका येऊन गेला आणि दादाच्या तोंडात एकच शब्द उरला : चमचा. पाणी हवं असलं तरी चमचा, पाय दुखला तरी चमचा, बायकोला हाक मारायची तरी चमचा. समजत सगळं होतं, ऐन वेळी जीभ तेवढी दगा द्यायची. आणि हा माणूस कोण, तर आठवडाभर चष्म्याच्या दुकानात काचा घासून सुट्टीच्या दिवशी पाणथळीवर लोकांना पक्षी दाखवत हिंडणारा. नुसतं शेपूट हललं तरी नाव सांगायचा.

बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, "त्यांच्या आवडीच्या जागी नेऊन बघा. कधीकधी शब्द सापडतात."

त्यातलं 'कधीकधी' दादाच्या धाकट्या बहिणीने कानाआड केलं. बेकरीतून रजा घेतली, वहिनीला म्हणाली, "तू आज जरा पाठ टेक, मी नेते त्याला," आणि दादाला गाडीत घालून निघाली.

पाण्याकाठच्या लाकडी आडोशात तिने त्याला बाकावर बसवलं. उजव्या हातात जोर नव्हता, म्हणून दुर्बीण तिनेच त्याच्या डोळ्यांशी धरली.

"दादा, तो काळा, पंख वाळवत बसलाय, तो कोण?"

"चमचा."

"पाणकावळा. म्हण बघू, पाण..."

"चमचा."

इतक्यात लव्हाळ्यामागून एक पांढराशुभ्र, उंच पक्षी आला आणि चपटी चोच डावी-उजवीकडे फिरवत पाणी चाळू लागला. हा पक्षी तिलाही माहीत होता. चोच चमच्यासारखी, म्हणून लोक त्याला चमचाच म्हणतात. तिने दुर्बीण तिकडे वळवली.

"चमचा," दादा म्हणाला.

पलीकडे बसलेले एक आजोबा वळले. "बरोब्बर. नजर तयार आहे तुमची."

दादाचा चेहरा असा उजळला की तिला रडूच आलं. झटका आल्यापासून त्याला 'बरोबर' असं कुणी म्हटलंच नव्हतं. तो आजोबांकडे सरकला, हुरूप येऊन पाणकावळ्याकडे बोट केलं. "चमचा." मग बदकांकडे. "चमचा. चमचा."

आजोबांचं हसू विरलं. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मान पाण्याकडे फिरवली. ते दादानेही पाहिलं.

तिथूनच घरी जायला हवं होतं, पण आशा मोठी चिवट. शेजारीच वनस्पतिउद्यान होतं, ती त्याला तिकडे घेऊन गेली. झाडाझाडाखाली नावाच्या पाट्या होत्या. दादा एकीपुढे बराच वेळ उभा राहिला, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि पुढे गेला.

हिरवळीवर दोन टिटव्या चालत होत्या. लहानपणी बहीण सारखी किंचाळायची म्हणून दादाने तिचं नाव टिटवी ठेवलं होतं. पोरांची आई झाली तरी तो तिला तेच म्हणायचा.

"दादा, ही कोण रे?" तिने स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "मी कोण?"

त्याने टिटवीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याला कळलं होतं. ओठ जुळले, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या.

"च..."

त्याने तोंड घट्ट मिटलं आणि डाव्या मुठीने स्वतःच्या ओठांवर मारलं. एकदा, दोनदा. तिने हात धरला तोवर ओठ फुटला होता.

"नको रे, दादा. राहू दे. नाही विचारत."

त्याने गळ्यातली दुर्बीण काढली, तिच्या हातात ठेवली आणि पाय ओढत फाटकाकडे निघाला.

घरी वहिनी दारातच उभी होती. "काही बोलले का?"

"नाही."

वहिनीने ओल्या फडक्याने नवऱ्याचा ओठ पुसला.

त्यानंतरच्या सुट्टीला बहीण गेली, तेव्हा दादाची खुर्ची भिंतीकडे तोंड करून होती आणि खिडकीचा पडदा ओढलेला होता. "त्या दिवशी तिथून आल्यापासून असेच बसतात," वहिनी म्हणाली. "आता तो शब्दही नाही."